डॉक्टर-नर्सच लस घेताना का थबकतात?

वृद्ध वडिलांना फ्लूची लस देण्यासाठी घेऊन आलेली मुलगी त्यांच्या शर्टाची बाही वर सारता सारता समोरच्या सिस्टरला सहज विचारते, ‘‘तुम्ही घेतली असेल ना हो ही?’’ सिस्टरने ‘‘हो, मागच्याच महिन्यात घेतली’’ असे सांगितले, तर बोलणे तिथेच संपते आणि सुई टोचली जाते. पण सिस्टर क्षणभर थांबली, हातातल्या कापसाकडे पाहत ‘‘आम्हाला वेळ कुठे मिळतो’’ असे काहीतरी पुटपुटली, तर त्या थांबण्याचा अर्थ लावत बापलेक घरी जातात. तो अर्थ बहुधा एकच निघतो: आतल्या माणसाला असे काहीतरी ठाऊक आहे, जे आपल्याला कोणी सांगत नाही.

कोविडच्या साथीपासून हा संशय अनेकांच्या मनात घर करून बसला आहे. ‘डॉक्टरच घेत नाहीत, तर आम्ही का घ्यावी?’ हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो, आणि तो विचारणाऱ्याला अडाणी ठरवून सुटका करून घेता येत नाही. सिस्टरच्या त्या थांबण्यामागे नेमके काय असते, हे आधी समजून घ्यावे लागते.

संकोच आणि नकार यांतले अंतर

या विषयावर बोलताना एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे ‘लस-संकोच’. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये त्याची जी व्याख्या केली, तिचा आशय असा: लस उपलब्ध असूनही ती घेण्यास उशीर करणे किंवा ती नाकारणे म्हणजे लस-संकोच. २०१९ मध्ये, म्हणजे कोविड येण्यापूर्वीच, याच संघटनेने जागतिक आरोग्यापुढील दहा मोठ्या धोक्यांमध्ये त्याचा समावेश केला होता.

व्याख्येतला ‘उशीर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दार उघडे आणि दार बंद यांच्यामध्ये किलकिले दारही असते, आणि संकोच करणारी बहुतेक माणसे त्या किलकिल्या दारापाशीच उभी असतात. लशींना तत्त्वतः विरोध करणारे आरोग्य कर्मचारी आहेत, पण ते थोडे. त्याहून कितीतरी अधिक जण ‘पुढच्या आठवड्यात घेऊ’, ‘आधी इतरांचे काय होते ते पाहू’, ‘मला कधी फ्लू होत नाही’ असे म्हणणारे असतात. शिवाय हा संकोच लशीगणिक बदलतो. हिपॅटायटिस बी या रक्तावाटे पसरणाऱ्या यकृताच्या आजाराची लस स्वतःहून मागून घेणारी परिचारिका फ्लूची लस वर्षानुवर्षे टाळत असते, आणि तिला त्यात काही विसंगती वाटत नाही.

तज्ज्ञांनी संकोचाची कारणे मुख्यतः तीन गटांत विभागली आहेत: लशीवरचा आणि ती देणाऱ्या यंत्रणेवरचा विश्वास, आजाराविषयीचा निर्धास्तपणा, आणि लस मिळण्यातली सोय किंवा गैरसोय. निर्धास्तपणा समजायला हेल्मेट आठवावे. अपघातात डोके कसे फुटते हे ज्याला पक्के ठाऊक आहे, तोही कोपऱ्यापर्यंत जायचे असले की हेल्मेट आरशाला अडकवून निघतो. त्याला माहिती कमी नसते. रोज त्या रस्त्याने जाऊन काही झालेले नाही, एवढाच त्याचा आधार असतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. आरोग्य कर्मचारी म्हटले की डोळ्यांपुढे पांढरा कोट येतो. पण रुग्णालय चालते ते डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, औषधनिर्माते, वॉर्डबॉय, मावशी, रुग्णवाहिकेचे चालक, कपडे धुणारे आणि कचरा उचलणारे अशा सगळ्यांच्या हातांवर. या सगळ्यांची लशीकडे पाहण्याची दृष्टी एकसारखी नाही. अनेक देशांतल्या पाहण्यांत साधारण असे दिसते की डॉक्टरांमध्ये लस घेणाऱ्यांचे प्रमाण सर्वाधिक असते, परिचारिकांमध्ये त्याहून कमी, आणि साहाय्यक कर्मचाऱ्यांमध्ये आणखी कमी. ‘डॉक्टरच घेत नाहीत’ हे वाक्य म्हणूनच बहुतेक वेळा वस्तुस्थितीला धरून नसते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने जून २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत प्रॅक्टिस करणाऱ्या ९६ टक्के डॉक्टरांनी कोविडची लस पूर्ण घेतल्याचे आढळले होते.

त्यांच्या लशीचा प्रश्न आपल्या लशीपेक्षा वेगळा का?

पहिले कारण त्यांच्या स्वतःच्या जिवाचे आहे. रात्रपाळीच्या शेवटच्या तासात एखादी परिचारिका रक्त काढून झाल्यावर सुईवर टोपण परत बसवायला जाते. तसे करू नये हे तिला शिकवलेले असते, पण सुया टाकायचा डबा चार खाटा पलीकडे असतो आणि दुसऱ्या खाटेवरून हाक येत असते. टोपण निसटते, सुई हातमोजा भेदून तर्जनीत शिरते आणि रक्ताचा एक थेंब वर येतो. ती नळाखाली बोट धरून उभी राहते तेव्हा तिच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: या रुग्णाला काय काय होते?

अशा वेळी कोणता विषाणू किती धोक्याचा, हे वैद्यकीय विद्यार्थी तिनाच्या उतरंडीने लक्षात ठेवतात. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी लागण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत, हिपॅटायटिस सी ची साधारण ३ टक्के किंवा त्याहून कमी, आणि एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. ज्या एचआयव्हीची सर्वांना धडकी भरते, त्याच्यापेक्षा हिपॅटायटिस बी शंभरपटीने सहज लागू शकतो, आणि या तिघांपैकी लस आहे ती नेमकी त्याच्यावरच. पहिल्या दिवशी, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी अशा तीन मात्रा घ्यायच्या, त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्ततपासणी करून संरक्षक प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला ओळखून निकामी करणारी प्रथिने, पुरेशी तयार झाली आहेत ना ते पाहायचे, एवढेच काम असते. अमेरिकेत १९८३ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना होणाऱ्या हिपॅटायटिस बी च्या संसर्गांची संख्या अंदाजे १७,००० होती. १९९५ पर्यंत ती सुमारे ४०० वर आली. त्यात हातमोज्यांचा आणि सुया हाताळण्याच्या नव्या शिस्तीचा वाटा होता, पण मोठा वाटा लशीचा होता.

दुसरे कारण रुग्णाच्या जिवाचे. रुग्णालयातला रुग्ण आधीच अशक्त असतो. कर्करोगाच्या औषधांनी कोणाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, तर कोणी दोन दिवसांचे बाळ असते. ‘मला बरे वाटत नसले तर मी कामावर येत नाही, मग माझ्यापासून कोणाला धोका?’ असे अनेक कर्मचारी मनापासून म्हणतात. या युक्तिवादाची तपासणी ग्लासगोमध्ये अगदी साध्या पद्धतीने झाली. १९९३-९४ च्या हिवाळ्याच्या आधी आणि नंतर चार रुग्णालयांतल्या ५१८ कर्मचाऱ्यांचे रक्त तपासले गेले. त्यांपैकी १२० जणांना, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौथ्या माणसाला, त्या हिवाळ्यात फ्लूचा संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा रक्तात सापडल्या. पण या १२० जणांपैकी निम्म्याहून अधिकांना आपल्याला फ्लू झाल्याचे आठवत नव्हते, आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांना तर साधी सर्दी-खोकला झाल्याचेही आठवत नव्हते. ही माणसे प्रामाणिकच होती. आपण आजारी आहोत हे त्यांना कळलेच नव्हते, आणि ती रोज वॉर्डात जात होती. शिवाय ज्यांना कळते तेही पुष्कळदा येतात, कारण बदली मिळत नाही आणि आपण गेलो नाही तर भार सहकाऱ्यावर पडतो.

तिसरे कारण सल्ल्याचे. लस घ्यावी की नाही याबद्दल लोक सर्वाधिक विश्वास ठेवतात तो आपल्या डॉक्टरवर आणि परिचारिकेवर. स्वतः लस घेतलेला डॉक्टर रुग्णांना ती सुचवण्याची शक्यता अधिक असते, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. याची दुसरी बाजू फ्रान्समध्ये दिसली. तिथल्या सामान्य वैद्यकीय व्यावसायिकांच्या २०१४ मधल्या पाहणीत, ज्यांना लस देणे अपेक्षित आहे अशा रुग्णांनाही एखादी विशिष्ट लस कधीमधीच सुचवणारे किंवा कधीच न सुचवणारे डॉक्टर लशीनुसार १६ ते ४३ टक्के निघाले. एका डॉक्टरची कुजबुजती शंका त्याच्या हजारो रुग्णांपर्यंत पोहोचते, तीही शंका म्हणून पोहोचत नाही. ‘डॉक्टरांनी काही सांगितले नाही’ अशा मौनाच्या रूपात पोहोचते.

शिकलेली माणसे, मग शंका कशाची?

माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा इथे आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांचा संकोच पुष्कळदा त्यांच्या अनुभवातून जन्मतो, आणि रुग्णालयातला अनुभव ही जितकी मोलाची, तितकीच फसवी गोष्ट आहे.

एक हिशेब करून पाहू. हजार माणसांची एक वस्ती आहे. त्यांतल्या ९०० जणांनी एखादी लस घेतली आहे, १०० जणांनी घेतलेली नाही. साथ येते. लस न घेतलेल्यांपैकी १० टक्के, म्हणजे १० जण, रुग्णालयात दाखल होतात. लस घेतलेल्यांपैकी फक्त २ टक्के दाखल होतात, पण ९०० चे २ टक्के म्हणजे १८ जण. आता वॉर्डात उभ्या असलेल्या परिचारिकेच्या जागी स्वतःला ठेवा. तिच्यासमोर २८ खाटा आहेत आणि त्यांपैकी १८ खाटांवर लस घेतलेली माणसे आहेत. ‘लस घेऊनही माणसे आजारी पडतात, उलट तीच जास्त’ असे ती घरी जाऊन सांगते, आणि ती जे पाहते आहे ते खोटे नाही. पण लशीने धोका पाचपटीने कमी केला, ही गोष्ट त्या वॉर्डात उभे राहून दिसूच शकत नाही. लस घेऊन घरी धडधाकट बसलेले ८८२ जण तिच्या खाटांवर येत नाहीत. वॉर्डाला अंश दिसतो, छेद दिसत नाही.

असाच घोळ दुष्परिणामांच्या बाबतीत होतो. रोज कितीतरी लोकांना हृदयविकाराचा झटका येतो, पक्षाघात होतो, गर्भपात होतो. एखाद्या मोहिमेत काही आठवड्यांत लाखो लोकांना लस दिली, तर त्यांतल्या काहींना या गोष्टी लस घेतल्यानंतरच्या आठवड्यात होणार, कारण त्या तशाही होणारच होत्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते. रुग्णालयात काम करणाऱ्याच्या नजरेस अशा मोडलेल्या फांद्या इतरांपेक्षा कितीतरी जास्त येतात, म्हणून त्याच्या मनातली भीतीही अधिक पक्की होते. खरा दुष्परिणाम आणि योगायोग यांत फरक करायचा तर लस घेतलेल्यांमध्ये ती घटना किती वेळा घडली आणि न घेतलेल्यांमध्ये किती वेळा, अशी तुलना करावी लागते, आणि ती एका वॉर्डात बसून करता येत नाही.

यात मनाचा आणखी एक स्वभाव मिसळतो. आपल्या हातून काही केल्यामुळे झालेले नुकसान आपल्याला जितके बोचते, तितके काही न केल्यामुळे झालेले बोचत नाही. मुलाला लस दिली आणि त्याला ताप आला, तर सुई देणाऱ्या सिस्टरला आईचे बोलणे ऐकावे लागते. लस न दिलेल्या मुलाला दोन वर्षांनी गोवर झाला, तर तिला कोणी जाब विचारायला येत नाही. सावध माणूस नकळत दुसरी वाट धरतो.

हेही मान्य केले पाहिजे की शंका घेण्यासारखे प्रसंग खरोखर घडले आहेत. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या भीतीने चार कोटींहून अधिक लोकांना घाईने लस दिली गेली. अपेक्षित साथ आलीच नाही, आणि लस घेतलेल्या दर लाखामागे सुमारे एका माणसाला गियाँ-बारे हा नसांवर हल्ला करणारा आजार जास्तीचा झाला, म्हणून वर्षअखेरीस ती मोहीम थांबवावी लागली. २००९-१० च्या साथीत वापरलेल्या पँडेमरिक्स या लशीनंतर फिनलंड आणि स्वीडनमधल्या काही मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा विकार, जडल्याचे दिसून आले. ज्यांनी ती लस स्वतःच्या हाताने मुलांना दिली, त्यांनी पुढच्या वेळी दोन प्रश्न जास्त विचारले, तर त्यांना नावे ठेवता येणार नाहीत. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. अडचण अशी की फुंकण्याची ही सवय मग जिथे काही पोळलेच नाही तिथेही लागते. फ्रान्सने १९९८ मध्ये शाळांमधली हिपॅटायटिस बी ची मोहीम मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या भीतीने थांबवली. पुढच्या अभ्यासांत त्या लशीचा आणि त्या आजाराचा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही, तरी तिथल्या डॉक्टरांच्या मनातली अढी वर्षानुवर्षे टिकली.

‘फ्लूची लस तर धड कामही करत नाही’

हा आक्षेप रुग्णालयांत सर्वाधिक ऐकू येतो, आणि त्यात तथ्य आहे. गोवराच्या लशीच्या दोन मात्रा सुमारे ९७ टक्के संरक्षण देतात. त्या तुलनेत फ्लूची लस विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षीही साधारण ४० ते ६० टक्केच काम करते, आणि जुळली नाही तर त्याहून कमी, कारण फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप बदलतो आणि लशीत कोणती रूपे घ्यायची हे हंगामाच्या कित्येक महिने आधी ठरवावे लागते. छत्री आणि रेनकोट यांच्यात जो फरक आहे तोच इथे आहे. वाऱ्यापावसात छत्रीने माणूस थोडा भिजतोच, पण म्हणून कोणी ती घरी ठेवून निघत नाही.

एक अवघड गोष्टही इथे सांगितली पाहिजे, कारण ती दडवली की विश्वास जातो. कर्मचाऱ्यांनी फ्लूची लस घेतल्याने रुग्णांचे मृत्यू किती कमी होतात, याचा पुरावा समजला जातो तितका भक्कम नाही. वृद्धांच्या शुश्रूषागृहांमध्ये झालेल्या काही प्रयोगांत कर्मचाऱ्यांना लस दिल्यावर मृत्यू लक्षणीयरीत्या घटल्याचे दिसले. पण नंतर हे प्रयोग तपासून पाहणाऱ्यांनी दाखवले की ती घट इतकी मोठी होती की ती केवळ फ्लू टळल्याने होणे गणितात बसत नाही. याचा अर्थ फायदा शून्य असा होत नाही. आजार कमी पसरला तर धोका कमी होणार हे तर्काला धरून आहे, आणि कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या संरक्षणाबद्दल तर वादच नाही. पण जो फायदा आपण ठामपणे मोजू शकलेलो नाही, तो ठामपणे सांगू नये. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या माणसाला वाढवून सांगितलेले लगेच कळते, आणि मग तो खरे सांगितलेलेही मानत नाही.

‘शंका घेणे म्हणजे विज्ञानविरोधच की!’

नेहमी नाही. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी कोविड लसीकरण सुरू झाले आणि सर्वांत आधी ते आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी होते. त्याच दिवशी दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने पत्र लिहून सांगितले की आम्हाला कोव्हॅक्सिनऐवजी कोव्हिशील्ड द्यावी, कारण कोव्हॅक्सिनच्या चाचण्यांचे सर्व टप्पे पूर्ण झालेले नाहीत. लस उपयोगी की निरुपयोगी हे ठरवणारा तिसरा टप्पा त्या वेळी खरोखरच चालू होता. त्याचे निष्कर्ष पुढे जुलै महिन्यात आले, आणि लक्षणे दिसणाऱ्या कोविडपासून ती लस ७७.८ टक्के संरक्षण देते असे त्यात दिसले. डॉक्टरांचा प्रश्न पुराव्याचा होता, आणि पुराव्यानेच त्याचे उत्तर मिळाले. प्रश्न विचारणारा डॉक्टर आणि उत्तर मिळाल्यावरही तेच बोलत राहणारा डॉक्टर, या दोघांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे.

दुसऱ्या प्रकारचे डॉक्टरही असतात. पण ‘अमुक डॉक्टर घेत नाही, म्हणजे लस वाईट’ हा निष्कर्ष मग सिगारेटलाही लावावा लागेल. सिगारेट ओढणारे डॉक्टर कमी नाहीत, आणि तंबाखू निर्धोक आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

राग लशीवर की मालकावर?

संकोच करणाऱ्या कर्मचाऱ्याशी पंधरा मिनिटे शांतपणे बोलले, तर संभाषण लशीवरून कधी सरकले ते कळतही नाही. साथीच्या सुरुवातीला मास्क मागितला तेव्हा मिळाला नाही. तोच मास्क आठवडाभर वापरायला लावला. सहकारी गेला तेव्हा व्यवस्थापनातून कोणी फिरकले नाही. आणि आता तेच व्यवस्थापन म्हणते की तुमच्या भल्यासाठी ही लस घ्या. जगभरातल्या रुग्णालयांत २०२० मध्ये संरक्षक साधनांची टंचाई होती आणि तिची आठवण पुसलेली नाही. ज्या हाताने आधी काही दिले नाही, तो हात सुई घेऊन पुढे आला तर माणूस दचकतो.

यात पगाराचाही भाग आहे. लशीनंतर एक दिवस अंग दुखणे, कणकण येणे सामान्य असते. भरपगारी रजा असलेल्या डॉक्टरला तो दिवस विश्रांतीचा असतो, आणि रोजंदारीवरच्या सफाई कामगाराला तो एका दिवसाची मजुरी बुडवणारा असतो. दोघांनाही आपण ‘लस घ्या, काही होत नाही’ असेच सांगतो. पाहण्यांमधली ती उतरंड, म्हणजे डॉक्टर वर आणि साहाय्यक खाली, केवळ शिक्षणाची आहे असे मानणे मला पटत नाही. ती रजेची, वेळेची आणि सन्मानाचीही उतरंड आहे.

‘मग सरळ सक्तीच का करू नये?’

सक्तीने प्रमाण वाढते, यात शंका नाही. सिॲटलमधल्या व्हर्जिनिया मेसन वैद्यकीय केंद्राने २००५ मध्ये फ्लूची लस ही नोकरीची अट केली. त्याआधी तिथे ५४ टक्के कर्मचारी लस घेत होते, पहिल्याच वर्षी ते प्रमाण ९७ टक्क्यांच्या पुढे गेले. २०२१ मध्ये ह्यूस्टन मेथडिस्ट या रुग्णालयसमूहाने कोविडची लस सक्तीची केली तेव्हा सुमारे २६,००० कर्मचाऱ्यांपैकी १५३ जणांनी राजीनामा दिला किंवा त्यांना काढले गेले. म्हणजे ‘सक्ती केली तर रुग्णालये ओस पडतील’ ही भीती तिथे खरी ठरली नाही. खोळंबलेले बहुतेक लोक किलकिल्या दारापाशी उभे होते, आणि थोड्याशा धक्क्याने आत आले.

पण सगळीकडे असेच घडले नाही. फ्रान्समध्ये १५ सप्टेंबर २०२१ पासून सक्ती लागू होताच सुमारे ३,००० कर्मचारी निलंबित झाले, आणि त्यांना परत कामावर घेण्याचा निर्णय अंमलात यायला मे २०२३ उजाडला. इंग्लंडमध्ये शुश्रूषागृहांतल्या कर्मचाऱ्यांवर नोव्हेंबर २०२१ मध्ये सक्ती आली, रुग्णालयांवर ती एप्रिल २०२२ पासून येणार होती, आणि त्याआधीच, मार्चमध्ये, सगळा नियम मागे घेतला गेला. आधीच मनुष्यबळ अपुरे होते, आणि ओमायक्रॉन हा नवा प्रकार लस घेतलेल्यांमध्येही पसरत असल्याने नियमाचा पायाच डळमळला होता. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ‘फ्लूची लस घ्या, नाहीतर हंगामभर मास्क लावा’ या एका रुग्णालयाच्या नियमाला परिचारिकांच्या संघटनेने आव्हान दिले, आणि २०१५ मध्ये लवादाने पुरावा अपुरा ठरवून तो नियम रद्द केला.

स्वतःच्या शरीरात काय जाऊ द्यायचे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि परिचारिका झाल्याने तो संपत नाही. पण अशक्त रुग्णाला ज्याच्या हाती सोपवले जाते, त्याच्यावर काही जास्तीची जबाबदारी येते, हेही तितकेच खरे. या दोहोंचा तोल प्रत्येक लशीसाठी वेगळा पडतो, असे मला वाटते. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि लस जवळजवळ पूर्ण संरक्षण देते. तिथे नवजात बाळांच्या कक्षात काम करायचे तर लशीचा पुरावा मागणे योग्य आहे. फ्लूच्या बाबतीत मात्र आधी सोय करावी, मग सक्तीचा विचार करावा. हिपॅटायटिस बी साठी अमेरिकेने १९९१ मध्ये एक मधला मार्ग काढला. लस मोफत देणे मालकावर बंधनकारक केले, आणि कर्मचाऱ्याला नकार द्यायचा असेल तर तो त्याने लेखी द्यावा, पुढे मत बदलले तर लस पुन्हा मोफत मिळावी, असा नियम केला. यातले बंधन पहिल्यांदा मालकावर पडते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

सोय म्हणजे नेमके काय?

लसीकरणाची खोली दुसऱ्या इमारतीत, वेळ सकाळी दहा ते दुपारी एक, आणि अर्जावर विभागप्रमुखाची सही, अशी व्यवस्था असलेल्या ठिकाणी रात्रपाळीची परिचारिका लस घेत नाही, यात संकोच शोधू नये. तीच लस एका ट्रॉलीवर ठेवून पहाटे तीन वाजता वॉर्डात नेली, तिथे पाच मिनिटांत टोचली, आणि दुसऱ्या दिवशी ताप आल्यास रजा कापली जाणार नाही असे लेखी दिले, की कालपर्यंतचे कितीतरी ‘संकोची’ हात पुढे येतात.

उरलेल्यांशी बोलावे लागते, आणि ते सभागृहातल्या पडद्यावर आकडे दाखवून होत नाही. ज्याला शंका आहे त्याला आधी बोलू द्यावे लागते, त्याच्या शंकेत जे खरे आहे ते खरे म्हणावे लागते, आणि मग उरलेल्याला उत्तर द्यावे लागते. हे काम वरिष्ठाने करण्यापेक्षा त्याच वॉर्डातल्या, त्याच पाळीतल्या, लस घेतलेल्या सहकाऱ्याने केले तर ते अधिक मनावर घेतले जाते. ‘मलाही भीती वाटली होती, दोन दिवस दंड दुखला’ हे वाक्य कोणत्याही पत्रकाहून अधिक काम करते.

यादीत नसलेले हात

बहुतेक रुग्णालयांत कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची यादी असते, आणि ती नोकरवर्गाच्या हजेरीपटावरून तयार होते. कंत्राटदाराची माणसे त्या पटावर नसतात. वॉर्ड पुसणारी, चादरींची गाठोडी वाहणारी, रात्रीच्या कचऱ्याच्या पिशव्या उचलून गाडीत टाकणारी बाई रुग्णालयाच्या हिशेबी कर्मचारी नसते, आणि कंत्राटदाराच्या हिशेबी आरोग्य कर्मचारी नसते. तिचा लशीबद्दलचा दृष्टिकोन काय, हे बहुतेक पाहण्यांत येत नाही, कारण तो तिला विचारलेलाच नसतो.

हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहतो. चार खाटा पलीकडच्या डब्यापर्यंत न पोहोचलेली, टोपण निसटलेली ती सुई कचऱ्याच्या पिशवीतून प्रवास करते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी ती पिशवी उघड्या हाताने, भार सांभाळण्यासाठी तळाशी तळवा लावून, उचलते.